ओटी भरली की थांबायचं

मित्रांनो, आज दुपारी जिंकलो! इतकी वर्षं इतरांनी रचलेल्या मोबाइल गेममधल्या चुका शोधायचं काम केलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी मला गेम रचणाऱ्यांच्या टीममध्ये घेतलं.

ऑनलाइन मुलाखतीत परीक्षकांनी माझा कापूस वेचायचा गेम खेळून पाहिला. बोंडअळीच्या हल्ल्यातून ते सुटले, पण वेचणारी बाई मध्येच थांबली.

"ही तर चूक दिसते," ते म्हणाले.

"चूक नाही, सर. तिच्या कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरली. बांधावर नेऊन रिकामी करा."

त्यांनी केली, आणि मग वेचतच राहिले. वेळ संपली तरी थांबेनात!

महागावच्या वहिनींना फोन केला. त्या हसल्या, "भाऊजी, आमच्या वावरात तं कधी ओटी नाही बांधली तुम्ही!"

खरं आहे. रविवारी वेचणीला जातोय. सोबत कोण येतं?