आमच्या घरचा पेडलचा डबा

किस्से ठरवून जमत नाहीत. घरात एखादी वस्तू यावी, ती नीट चालू नये, आणि एकाला आपण फार हुशार आहोत असं वाटावं, की आपोआप साचतात! मी घुग्घुसला सिमेंट कारखान्यात फिटर. वस्तू म्हणजे पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा.

*

पहिल्याच आठवड्यात झाकण अडकलं. इथली धूळच तशी, बिजागरी जाम! बायको कविता म्हणाली, "हातानं उघडतो न मी, काय होते?"

"घरी फिटर असताना?" मी म्हटलं आणि ऑइल सोडलं. इतकं सोडलं, की दोन दिवस ती फरशी पुसत होती. मी पेपर वाचत होतो.

*

मग पेडलच्या सळईचा नट जरा जास्तच कसला. आमचे सुपरवायझर चहाला आले होते. बिस्किटाचा कागद टाकायला त्यांनी हौसेने पाय ठेवला, झाकण उसळून भिंतीवर आपटलं, ते दचकले आणि चहा त्यांच्याच शर्टावर!

"प्लांटमधी बी असंच काम करतं का बे तू?"

*

म्हणून नट सैल केला. सळई काढून परत बसवली. त्याच सुमारास बाबा गाव सोडून आमच्याकडे कायमचे राहायला आले. आई गेल्यापासून एकटेच होते. आमच्या घरात ते पाहुण्यासारखे, अंग चोरून बसायचे. त्यांनी पेडल दाबलं आणि ते निखळलं.

शेजारचे लोक येऊन बसले होते, तरी मी बोललोच. "बाबा, मशीन आहे ते, बैलगाडी नाई! जमत नसन तं हातच लावू नका!"

"बरं," बाबा म्हणाले.

*

रविवारी डबा उलटा केला. सळईचं वाकडं टोक मीच उलटं बसवलं होतं! कोणाच्याही पायाने निखळलंच असतं. कान गरम झाले माझे. गुपचूप टोक फिरवलं.

"आता बराबर उघडते! कोनाची चूक होती जी?" कविताने विचारलं. बाबा समोरच बसले होते.

"धूळ," मी म्हणालो. त्या एका शब्दाची लाज अजून जात नाही.

*

चार दिवसांनी कविता कपडे भिजवायला बसली. बाबांच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले. संत्र्याची सालं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या.

"बाबा, हे खिशात काऊन?" मी विचारलं.

बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"फिराले जातो तवा बाहेर टाकत असतो. काल राहून गेलं. तुह्या डब्याले हात नाई लावला बापा मी."