सत्तर किलोचा सूट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर चहा सांडेल. आणि हा विषय आमच्या हिच्यासमोर काढू नका बरं का, ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते!

मी तेव्हा इथे हैदराबादेतल्याच एका शाळेत फिजिक्स शिकवत होतो. फिजिक्स! एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझी कीव करायला बरं पडेल.

त्या वर्षी आमच्या मेधाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. बाहेरच्या कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या, नल्लकुंट्यात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले होते, आणि ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नसे. मुलगा खरंच गुणी. माझी झोप उडवली ती त्याच्या वडिलांनी.

साखरपुड्याला आले. उंची अगदी माझ्याएवढी, पण अंगावर मूठभर मांस असेल तर शपथ! माझ्या पोटाकडे एकदा निवांत बघून घेतलं आणि चारचौघांत म्हणाले, "हैदराबादेत खाण्यापिण्याची चंगळ दिसते!"

"छे हो, आम्ही शुद्ध शाकाहारी."

"शाकाहारी तर आम्हीही. पण मी दूध सोडलं. दूध, दही, ताक, तूप, सगळं बंद. वासराचं अन्न ते! तुम्हीही सोडून बघा."

झालं! त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र. रिसेप्शनचं स्टेज, त्यावर एकीकडे हे व्याही, सडसडीत, सुटातले. दुसरीकडे मी, आणि माझ्या दोन पावलं पुढे माझं पोट. हा फोटो मेधाच्या सासरी जन्मभर भिंतीवर लटकणार! पोरीला काय वाटेल? ठरवलं, लग्नापर्यंत बारा किलो उतरवायचे आणि यांच्या शेजारी यांच्यासारखंच उभं राहायचं.

आधी वजन करायला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथला कंपाउंडर काट्याजवळून ओरडला, "एटी टूऽऽ!" बाहेर बाकावर माझ्या वर्गातली दोन पोरं खोकत बसली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर हातभर मोठं ८२! त्या काट्यावर पुन्हा म्हणून पाय ठेवला नाही.

घरी येऊन जाहीर केलं, "उद्यापासून आपल्याकडे दूध बंद."

ही म्हणाली, "आपल्याकडे नाही, तुमच्याकडे. तुम्ही पाला खा नाहीतर गवत खा. माझ्या चहाला हात लावायचा नाही."

मग मी एकट्यानेच सोडलं. आणि सोडलं म्हणजे काय, औषधाला ताक नाही! पण पोटात आग पडायची हो. मग मी एक सोपा हिशोब लावला. नल्लकुंट्याच्या कोपऱ्यावर संध्याकाळी मिरची भजी तळतात. मिरचीत दूध असतं? नाही. बेसनात? नाही. तेल तर झाडाचंच! मग चालतं. पुनुगुलु? इडलीचंच पीठ तळलेलं, चालतं. शेंगदाण्याची चिक्की, पुऱ्या, बटाट्याची भाजी, तेलावरची पुरणपोळी, सगळं सगळं चालतं! वासराच्या तोंडचा घास सोडून बाकी सगळ्या जगाचा घास मी खात होतो.

आठ दिवस कसेबसे काढले. वजन किती उतरलं ते कळल्याशिवाय मला बसवेना. शिकवताना येरझारा, घरात येरझारा. इतका फिरणारा माणूस जाड कसा, हे कोडं डॉक्टरीणबाईंनाही सुटलेलं नाही.

नवव्या दिवशी अंबरपेठेकडून सकाळचा फिरून येत होतो, तर यादगिरीच्या भंगाराच्या दुकानात मोठा वजनकाटा दिसला. लोखंड, बाटल्या, रद्दी, सगळं तो त्यावरच मोजून विकत घ्यायचा. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. चढलो.

यादगिरीने दांडीवरचं वजन सरकवलं. "सेवंटी सिक्स, सार."

"कितना?"

"सेवंटी सिक्स."

शहात्तर! आठ दिवसांत सहा किलो! मी काट्यावरून उतरलो तो थेट एसटीडी बूथवर. पुण्याला फोन.

"व्याही, शहात्तर!"

"वा! मी म्हटलं नव्हतं? दूध!"

मग काय विचारता! रोज सकाळी शाळेआधी यादगिरी. कधी शाळेनंतरही. दसऱ्याच्या सुमाराला त्र्याहत्तर. यादगिरी हात जोडून म्हणायचा, "मस्तु तग्गिंड्रु, सार!" म्हणजे, फार उतरलात हो. इतकं गोड कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. त्या आनंदात येताना भज्यांची एक पुडी जास्त घ्यायचो.

त्याच आठवड्यात सूट शिवायला टाकला. काचीगुड्याचे आमचे जुने मास्टर टेप घेऊन पुढे आले, तर मी त्यांचा हात धरला आणि खिशातून साखरपुड्याचा फोटो काढला. व्याह्यांवर बोट ठेवलं. "इनके जैसा सीओ."

"साब, सूट आपका कि इनका?"

"माझाच. पण लग्नापर्यंत मी असा होणार."

मास्टरांनी टेप गळ्यात टाकला. "साब, पहले आदमी घटना, बाद में कपडा घटाना. उल्टा कायकू करते?"

"तुम सीओ!"

"ट्रायल कू तो आओ."

"नक्को!" आता वाघ मारायला निघालेला माणूस ट्रायल देतो का?

दिवाळीच्या तोंडावर काटा सत्तरवर आला. सत्तर! बरोब्बर बारा किलो! गंमत म्हणजे त्याच सुमाराला माझ्या पॅन्टी आवळायला लागल्या. मी धोब्याला दम भरला, कपडे आटवतोस म्हणून. तो बिचारा शपथा घेत राहिला. ही म्हणाली, "मला तर तुम्ही थोडे भरल्यासारखे दिसता." मी म्हटलं, "तू रोज बघतेस ना, म्हणून फरक कळत नाही." मेधाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पत्रिकांवर नावं घालायला लागली.

लग्न झालं. सकाळी धोतर नेसून कन्यादान केलं. आता सांगायला हरकत नाही, डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. पण संध्याकाळ जवळ आली तसा मी पुन्हा अस्वस्थ. केव्हा एकदा सूट चढवतो असं झालेलं!

कार्यालयातल्या खोलीत दार लावलं. सुटाची पॅन्ट बाहेर काढली. एक पाय घातला. दुसरा घातला. आणि पॅन्ट मांड्यांपाशी थांबली. थांबली म्हणजे, पुढे जायला साफ नकार! श्वास ओढला, उड्या मारल्या, गादीवर आडवा झालो. कोट घातला, तर दोन्ही हात मागे गेले ते पुढे येईनात. बाहेर सनई वाजायला लागली.

तेवढ्यात ही दार ढकलून आत आली. मला बघितलं. दार लावून घेतलं.

"हे काय?"

"मास्टरने घोळ केला."

"वजन किती म्हणाला होतात तुम्ही?"

"सत्तर!"

"कुठे केलंत?"

"काट्यावर."

"कुठल्या काट्यावर?"

"यादगिरीच्या."

ही मटकन ट्रंकेवर बसली. मला वाटलं चक्कर आली. बघतो तर शालूच्या पदरात तोंड खुपसून हसतेय!

"अहो, त्याच्या काट्यावर दहा किलोची रद्दी नऊ भरते! दसरा-दिवाळीला घरोघरची अडगळ निघाली की काटा अजून हलका होतो त्याचा. सगळ्या नल्लकुंट्याला ठाऊक आहे! त्याच्याकडे मी रद्दीसुद्धा घालत नाही, आणि तुम्ही रोज स्वतःला घालून आलात?"

खोटा काटा ओळखावा कसा, हा धडा मी बावीस वर्षं शिकवत होतो. बावीस वर्षं! तिथेच खाली बसावंसं वाटलं, पण त्या पॅन्टीत बसताही येईना.

हिने डोळे पुसले. मला सुटातून सोलून काढलं, सकाळचंच धोतर हातात दिलं, सूट घडी करून आहेराच्या खोक्यात घातला आणि म्हणाली, "चला."

स्टेजवर गेलो, तर व्याही साध्या बुशशर्टात! म्हणजे ज्या सुटासाठी मी तीन महिने जिवाचं रान केलं, तो त्यांच्या डोक्यातही नव्हता. हिने खोकं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी तिथल्या तिथे कोट अंगावर चढवला. मापात! खांदे, बाह्या, बटणं, कुठे सुरकुती नाही.

"कमाल आहे! माप न घेता इतका बरोबर?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "हे फिजिक्सचे ना! वजनावरून काढलं."

तो फोटो मेधाच्या सासरी भिंतीवर आहे. व्याही सुटात, मी धोतरात, पोट दोन पावलं पुढे. दूध मी केव्हाच पुन्हा सुरू केलं. परवा पुण्याला गेलो होतो, तर त्यांच्याकडे मेधाच्या लग्नात जेवून गेलेले एक पाहुणे बसले होते. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम ओळख पटून उठले. माझे दोन्ही हात हातात घेतले.

म्हणाले, "अहो, तुमच्या हातची जिलबी अजून आठवते!"

काय करणार? थँक्यू म्हटलं.