एक डाव अजून

"एक डाव अजून सांगा जी, मॅडम," असं म्हणताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. चाळिशी उलटलेली अंगणवाडी सेविका, पण तेवढ्या वेळापुरती बाकावरची मुलगी व्हायची.

मुलांनो, तुमच्या तिकडच्या विद्यापीठात सगळे एआयला विचारून शिकतात, असं तुम्ही सांगता. आमच्या यवतमाळात ते मी पहिल्यांदा हिच्याकडे पाहिलं.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रावर नोकरदारांना इंग्रजी शिकवत असे. ती राळेगावकडच्या बंजारा तांड्यावरून एस.टी.नं यायची. बीएचे बाकी विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं दोनदा राहिलं होतं. ते सुटलं तर तिला पर्यवेक्षिका होता येणार होतं. "घरी गोरमाटी, गावात वऱ्हाडी, पुस्तकात मराठी. आता ही चवथी सून कुठं ठेवू जी घरात?" म्हणायची, आणि वर्ग हसायचा.

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. एक गोष्ट दोनदा सांगायची. तिसऱ्यांदा कोणी विचारलं, की मी चष्मा काढून टेबलावर ठेवत असे. तो टेबलावर आला, की ती लगेच म्हणायची, "समजलं जी." मला वाटायचं, समजलं.

मग एका रविवारी तिचा स्वाध्याय आला, स्वच्छ, डौलदार इंग्रजीत. तेव्हा आम्हा शिक्षकांत दुसरा विषयच नसे: कोणाचं लिखाण स्वतःचं, कोणाचं एआयचं. मी भर वर्गात विचारलं, "कोणी लिहून दिलं?"

"मोबाइलनं जी. पण म्या पह्यले समजून घेतलं."

"मग सांग समजावून."

ती उभी राहून सांगू लागली. चांगलं सांगत होती. मध्येच एका वाक्याशी अडली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात चष्म्याकडे गेला, सवयीनं. ती खाली बसली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

परीक्षा तोंडावर आली, तेव्हा मीच तांड्यावर गेले. अंगणवाडीतली मुलं जेवून घरी गेली होती, खिचडीची पातेली घासून पालथी घातलेली. दाराशी पोचले तर आतून ओळखीचे शब्द आले, "एक डाव अजून सांग ना जी." फोन तिला धडा मराठीत समजावत होता. तिनं पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. फोनचा आवाज तसाच, जणू पहिल्यांदाच विचारलंय. आणि तिच्या पदराचं टोक मोकळं होतं.

मला पाहताच तिनं फोन पदराखाली लपवला, चोरी पकडली गेल्यासारखा. तेव्हा वाटलेली लाज अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

पण मी बोलले काय? "चुकीचं सांगतोय तो. धड्यातला म्हातारा आपला घोडा विकत नाही." फोननं घोडा परस्पर विकून टाकला होता, आणि दुरुस्तीचा आनंद मला तेव्हाही आवरला नाही.

ती हसली. "चुकते जी तो बी. पण याले चष्मा काढता येत नाई." लगेच तिनं जीभ चावली. "तसं नाई मॅडम... बसा ना, चहा मांडतो."

चहा पिताना मी म्हटलं, "रविवारी ये. कितीही वेळा विचार."

"येतो जी," म्हणाली. आली नाही.

ती पास झाली. मुकुटबनकडे नेमणूक मिळाली, तेव्हा पेढे घेऊन आली. वाकून नमस्कार केला. "घोड्याचाच प्रश्न आलता. तुमचंच लिवलं म्या." हे सांगून ती मला सावरत होती, हे मला कळत होतं. समोरची खुर्ची मी पुढे ओढली, पण ती बसली नाही. एस.टी.ची वेळ झाली म्हणाली.

परवा तुम्ही दोघं मला ते एआय फोनवर कसं वापरायचं ते सांगत होता. मी दुसऱ्यांदा विचारलं आणि तिकडून एक लहानसा सुस्कारा आला. तुमच्यावर रागावले नाही. तो सुस्कारा आपल्याच घरातला आहे. मी घाईनं म्हणाले, "समजलं, समजलं."

काहीच समजलं नव्हतं.