खालूंची बाय

तमिळ न येता तमिळ सिनेमा पुरता समजणारा माणूस अख्ख्या अरबस्तानात एकच होता, आणि ते म्हणजे आमचे खालू, माझ्या खालाचे, मावशीचे, यजमान. कतारात दुखानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात ते गोऱ्या साहेबांच्या मेसचे कुक होते आणि मी तिथेच स्टोअरमध्ये क्लार्क. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. शुक्रवारी सूर्य मावळून मगरिबची नमाज झाली की वाळूत पांढरी चादर ताणून सिनेमा लावायचे. कॅम्पात मद्रासकडचे फिटर पुष्कळ, म्हणून सिनेमाच्या पेट्या बहुतेक तमिळच यायच्या. आम्ही रत्नागिरीवाले चटई टाकून बसायचो आणि मधोमध बसून खालू आम्हाला एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगायचे. पूर्वी मद्रासच्या बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी, असताना ते भात, पाणी, ये आणि बस एवढं तमिळ शिकले होते. बाकी सगळा बेधडक कारभार.

त्या सिनेमांतली एक नटी म्हणजे खालूंची बाय. ती झाडाखाली गाणी म्हणायची तेव्हापासून हे तिच्या बाजूने. पुढे ती सोशिक सून झाली, मग देवी झाली. मुसलमान माणसाने देवीचा सिनेमा बघावा का, असं कुणीतरी टोचलं, तर म्हणाले, "देवी त्यांची. बाय आमची." आणि खालूंच्या तोंडून बाय कधी मेली नाही. पडद्यावर चिता पेटलेली, नवरा ऊर बडवतोय, आणि हे शांतपणे सांगायचे, "बाय म्हायेरी गेली. लाकडं थंडीसाठी पेटवलीत."

एका शुक्रवारी मात्र बाय सासू होऊन आली. केस पांढरे, डोळे वटारलेले. तिने सुनेच्या झिंज्या धरून तिला दाराबाहेर ढकललं आणि मागोमाग तिची ट्रंक भिरकावली. आमच्या सगळ्यांच्या माना खालूंकडे वळल्या. इतक्या वर्षांचं बायचं चांगलं नाव आता त्यांच्या जिभेवर होतं. त्यांनी घसा खाकरला. "ती म्हणते, पोरी, यल्ला, लवकर नीघ, गाडी चुकेल. आणि ट्रंक विसरलीस बघ."

एका नव्या वेल्डरला राहवेना. त्याने शेजारच्या मद्रासी फोरमनला हिंदीत विचारलं, "ये बराबर बोलता है क्या?"  फोरमनने एकदा पडद्याकडे पाहिलं, मग खालूंच्या घामेजल्या चेहऱ्याकडे. "एकदम बराबर," तो म्हणाला. "गाडी का टाइम हो गया." मला त्या माणसाचा मुका घ्यावासा वाटला. पुढे सासूने दुधात विष कालवलं, त्याचा खालूंनी काढा केला, आणि आम्ही पोट धरधरून हसत माना डोलावल्या.

चटई गुंडाळताना मी म्हणालो, "खालू, हे काम तिने घ्यायला नको होतं."

खालूंनी चटईवरची वाळू झटकली. "तिला पण पोट आहे, बाबा," ते म्हणाले. "मी नाय रोज सकाळी साहेबासाठी डुक्कर तळत? घरी कुणाला सांगितलंय?"

 त्यांची इतकी माया आली की चटई मीच खांद्यावर घेतली.

पुढे सुट्टीवर गावी गेलो तेव्हा खालाने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून विचारलं, "तिथे काय रांधतात रे तुझे खालू?"

"अंडी," मी म्हटलं. "साहेब लोक नुसती अंडी खातात, खाला."