कुंदाचं ऑपरेटरचं कार्ड

मी कुंदावर तेवीस वर्षं जळत होते. परवा ती गेली, तरी माझं जळणं थांबलेलं नाही.

ग्रुपवर सगळे लिहितायत, किती गोड होती, किती शांत. गोड कसली? भांडकुदळ होती. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा डबा उघडायच्या आधी माझ्या डब्यातली भाजी चाखायची.

ते सगळं चालून गेलं असतं. मला खुपायचं ते तिचं कार्ड.

डोंबिवलीला मानपाड्याजवळ आमची औषधांची कंपनी होती. मी आणि कुंदा पॅकिंगला. गोळ्या फॉइलमध्ये बंद करणारं स्ट्रिप मशीन आम्ही दोघी चालवायचो. रोल लावायचा, हीटर सेट करायचा, पहिल्या पट्ट्या पाण्यात बुडवून कुठे लीक आहे का ते बघायचं.

आणि गळ्यातल्या कार्डावर काय? हेल्पर.

ऑपरेटर म्हणजे पुरुष. बाई तेच मशीन आठ तास चालवत असली तरी ती हेल्पर. पगार वेगळा, बढती वेगळी, हाक मारायची पद्धतसुद्धा वेगळी. त्यांना "पवारसाहेब", आम्हाला "ए बाई". हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

मी कुंदाच्या चार वर्षं आधी लागलेले. तिला मशीन मी शिकवलं.

हे नीट वाचा, कारण माझं जळणं इथूनच सुरू होतं. पहिल्या आठवड्यात तिने फॉइल तिरकी लावून अख्खा रोल वाया घालवला, तेव्हा "माझ्याकडून झालं" म्हणून सुपरवायझरची बोलणी मी खाल्ली.

बाहेरचे कोणी कंपनी बघायला येणार असले की आमच्याकडे एक पद्धत होती. सुपरवायझर टाळी वाजवायचे. आम्ही दोघी मशीन सोडून बाजूच्या टेबलावर खोके घडी करायला बसायचो. आणि मशीनसमोर स्टोअरमधले पवार उभे राहायचे, इस्त्रीचा ॲप्रन घालून. पवारांना त्या मशीनचं लाल बटण तेवढं माहीत होतं.

एकदा अशाच आलेल्या एका मॅडमनी पवारांना विचारलं, "सीलिंगचं टेंपरेचर कसं ठरवता?"

पवारांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरनी छताकडे.

उत्तर मला येत होतं. अगदी तोंडाशी आलेलं. पण बोलू का म्हणून मी आधी सुपरवायझरच्या डोळ्यांकडे बघितलं.

तेवढ्यात कुंदा बोलली.

"रोल बदलला की फॉइलची जाडी बदलते मॅडम. हाताला कळतं. मग दोन पट्ट्या काढायच्या, पाण्यात बघायच्या आणि हीटर वर-खाली करायचा."

शब्दन् शब्द माझा. ते "हाताला कळतं"सुद्धा.

मॅडम टेबलाकडे आल्या. "हे मशीन चालवतं कोण?"

"मी," कुंदा म्हणाली. मग माझा दंड धरून म्हणाली, "आणि ही. मला हिनेच शिकवलंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"नाही नाही मॅडम, मी नुसती हेल्पर."

माझ्याकडून हे कोणी वदवून घेतलं नाही. आपसूक आलं. पाहुण्यांनी विचारलं की "मी काय, घरीच असते" म्हणतो ना आपण, तसंच.

मॅडमनी वर काही सांगितलं असावं, दोन महिन्यांनी कुंदाला नवीन कार्ड मिळालं. ऑपरेटर. आमच्या कंपनीतली पहिली बाई.

ती मला पेढा भरवायला आली. मी म्हटलं, उपास आहे. कसला उपास? बुधवार होता आणि सकाळीच आम्ही दोघींनी वडापाव खाल्लेला. तिने पेढा कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकला.

पुढे ती माझ्या कार्डासाठी मोठ्या साहेबांकडे दोनदा गेली. साहेब म्हणाले, "त्या स्वतःच हेल्पर म्हणाल्या ना?" हे तिने मला येऊन सांगितलं तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. माझी वकिली करायला ही कोण?

मी हेल्पर म्हणूनच रिटायर झाले. मग ठाण्याला कोपरीत मुलाकडे राहायला आले. कुंदाचे फोन यायचे. तीनातला एक उचलायचे.

काल तिच्या घरी गेले. तिचा मुलगा रोहन मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरत बसलेला. मी शेजारी बसून बघत होते. व्यवसाय विचारला होता तिथे त्याने लिहिलं, गृहिणी.

खोटं नाही बोलत. क्षणभर मला बरं वाटलं. झाली फिटंफाट. आता दोघी सारख्या.

मग आठवलं, तिने माझा दंड धरलेला.

"रोहन, खोड ते."

"मावशी, आईला रिटायर होऊन किती वर्षं झाली. आता काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. मशीन ऑपरेटर लिही."

त्याने खोडून लिहिलं. मग सहजच विचारलं, "तुम्ही पण तिथेच होता ना? तुम्ही काय होतात?"

खोलीत दहा-बारा माणसं. "नाही नाही, मी नुसती..." एवढं ओठांवर आलेलं.

"मीपण तेच मशीन चालवायचे," मी म्हटलं. "तुझ्या आईला मीच शिकवलं."

कुंदे, तेवीस वर्षं उशीर झाला बघ.

अजून जळतेच आहे मी. कार्ड तुझ्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. पण तू माझं नाव घेतलेलंस, नाही म्हणाले ती मी. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. फोन उचलायला हवे होते.

जा आता सुखाने.

आणि तो पेढा मी टाकला नव्हता. घरी जाऊन, दार लावून खाल्लेला. चांगला होता गं.