आरतीपर्यंत उजवा हात ठीक होता

गौरव समितीचे पत्र, दोन कोरे कागद आणि तिकीट लावलेले पाकीट परवा पोचले. टपालखर्च समितीनेच सोसला, आम्हाला काही पडला नाही. डॉक्टरसाहेब अनंतराव यंदा साठ वर्षांचे होत आहेत, त्यांच्याविषयी मी लिहावे असे आपण म्हणता. मी मॅट्रिक झालेली बाई. जे समजले ते लिहिते, आणि जे अजून समजले नाही तेही.

त्यांची पहिली ओळख गेल्या वर्षी देवासच्या दवाखान्यात झाली. आमचे हे सकाळी पूजेला बसले की जप संपेपर्यंत मौन धरतात. त्या दिवशी जप लांबला. हाक मारली, ओ आली नाही. मौन आहे म्हणून मीही पुन्हा बोलले नाही. शेवटी जवळ गेले तर हे भिंतीला कलंडलेले, तोंड वाकडे, उजवा हात निर्जीव. दीर म्हणाले, हा लकवा आहे, धारकडे एक जण तेल देतो, तिकडेच नेऊ. मी दवाखाना म्हटले, पण खात्री मलाही नव्हती.

डॉक्टरसाहेबांनी विचारले, कधी झाले? मी म्हटले, नऊ वाजता.

"नऊला तुम्हाला दिसले, वहिनी. नीट कधी होते ते सांगा."

मौनातला माणूस नीट आहे की नाही, कसे कळणार? मला रडू आले. तेव्हा खुर्ची ओढून त्यांनी हळूच विचारले की आरती झाली होती का, निरांजन कोणत्या हातात होते. उजव्या, डाव्यात घंटा. स्वयंपाकघरातून मला दिसत होते, आणि तेव्हाच नळ आले होते, म्हणजे साडेसात. मग गुठळीच्या इंजेक्शनची वेळ अजून गेलेली नाही, ते म्हणाले, ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

तरी इंजेक्शन देईनात. आधी डोक्याचा फोटो. दीर चिडले, "भिया, माणूस चाललाय न् तुम्हाला फोटू पायजे?" डॉक्टरसाहेब रागावले नाहीत. गुठळी अडकलेली असो की रक्त फुटलेले, लकवा बाहेरून सारखाच दिसतो; गुठळी विरघळवायचे औषध रक्त फुटलेल्याला दिले तर माणूस हातचा जातो, हे त्यांनी चालता चालता समजावले.

फोटोत रक्त नव्हते. मग म्हणाले, झटका मोठा आहे, औषधाने सुधारतील, किंवा औषधानेच रक्तस्राव होऊन जातीलही. मी विचारले, तुमच्या भावाला दिले असते?

"दिले असते. भीत भीत दिले असते."

त्या भीतीवर विश्वास ठेवून मी सही केली.

आमचे हे वाचले. शेजारच्या पलंगावर बदनावरच्या एक बाई होत्या. तेच औषध, तेच डॉक्टर, वेळेतच दिलेले, त्या गेल्या. तेराव्याला डॉक्टरसाहेब त्यांच्या घरी जाऊन बसून आले. मी टेकडीवरच्या माताजीला नवस बोलले होते, त्या बाईंच्या लेकीनेही बोललाच असेल. मग आभार कोणाचे मानू, आणि कशाचे? डॉक्टरसाहेबांना विचारले, तर म्हणाले, हे मलाही उमगलेले नाही. एवढा शिकलेला माणूस असे म्हणतो, म्हणून मी त्यांना मानते.

माताजी त्यांना शंभर वर्षे देवो, हात आणि जीभ शेवटपर्यंत शाबूत ठेवो. एक विनंती आहे. समारंभात आशीर्वादाचे दोन शब्द हे स्वतः बोलू म्हणतात. शब्द येतात, पण मधेच अडतात, आणि कोणी पुढचा सुचवला की यांना राग येतो. दोन मिनिटांच्या बोलण्याला दहा लागतील. तेवढा वेळ मंडळी काही न सुचवता थांबतील का, ते उलट टपाली कळवावे.