इरकली अस्तराचे पंख

एकाहत्तरच्या युद्धाला दोन वर्षं झाली होती. मी सोलापुरात एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो आणि मला एकच नाद होता, वैमानिकांच्या गणवेशावर छातीशी लावलेले पंखांचे बिल्ले जमवायचा. कापडावर भरलेले, पितळेचे, इंग्रजांच्या काळातले मुकुटाचे, नंतरचे सिंहमुद्रेचे. जुन्या बाजारात, पत्रव्यवहारातून, अदलाबदलीतून मिळतील तसे घ्यायचे. युद्धात गेलेल्या माणसाचे पंख असले की आम्हा हौशी लोकांत त्यांचा मान वाढायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

स्टेशनकडच्या गल्लीत एक बाई एकट्या राहतात, त्यांचा एकुलता मुलगा त्या युद्धात विमानासकट गेला, असं कळलं. मी एका रविवारी गेलो.

"मी त्याच्या कॉलेजातला. एकाच बाकावर बसायचो," मी म्हणालो. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. "बस, तम्मा," म्हणाल्या. त्यांच्या कानडीत धाकट्या भावाला, मुलाला तसंच म्हणतात. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "डब्यातलं काय आवडायचं रे त्याला?"

"शेंगाची चटणी," मी ठोकून दिलं. सोलापूरच्या कुठल्या पोराला आवडत नाही?

"व्हय की! लई आवडायची." त्यांनी पदर डोळ्याला लावला.

चौथ्या भेटीत मी म्हणालो, कॉलेजात त्याचे पंख काचेत लावणार आहेत, खाली नाव लिहून. त्यांनी ट्रंक उघडली, गणवेश मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातानं टाके उसवून पंख मला दिले.

पुढच्या महिन्यात ते पंख पुण्याला गेले. तिथल्या एका संग्राहकाकडे ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे, मुकुट असलेले जुने पंख होते. तीन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. त्यानं हसत अदलाबदल केली.

मुलाच्या श्राद्धाला बाईंचा निरोप आला, एक दिवस पंख आणून दे, फोटोपुढं ठेवते. माझ्याकडे तसलेच दुसरे होते. तेच मी कागदात गुंडाळून नेले.

त्यांनी ते हातात घेतले, उलटे केले, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"हे माझ्या पोराचं न्हाय."

"आई, तेच आहेत."

"मागं इरकली लुगड्याचा तुकडा होता. सुट्टीवर आला तवा मीच लावला. कापड विरलं होतं."

मला तेव्हाच कबूल करता आलं असतं. दार उघडं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मऊ आवाजात म्हणालो, "आई, तुम्ही दुसऱ्या कशाला तरी लावला असेल. शर्टाला वगैरे. दुःखात माणसाच्या लक्षात राहत नाही."

"शर्टाला?"

"तुम्ही मागंही एकदा असंच विसरला होतात." हेही खोटंच होतं.

त्यांनी पंख पुन्हा एकदा उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाल्या, "तू त्याचा दोस्त. तू कशाला खोटं बोलशील?" आणि त्यांनी ते परक्या माणसाचे पंख मुलाच्या फोटोपुढे ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं. मी जेवून उठलो.

मी पुण्याला पत्र लिहून त्या इरकली तुकड्याचं विचारलं. उत्तर आलं, मागची चिंधी काढून टाकली, चौकटीत नीट बसत नव्हती. त्यानंतर मी त्या गल्लीत जायचं सोडलं.

सहा महिन्यांनी त्यांची शेजारीण भाजी बाजारात भेटली.

"तुमी येत न्हाई आता. म्हातारीचं काय तरी बिनसलंय. आमटीत मीठ घातलं का, ते मला येऊन विचारती. दार लावलं का, विचारती. म्हणती, माझ्या ध्यानावर माझा भरवसा न्हाय, माझ्या पोराच्या दोस्तानं दाखवून दिलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"वय झालं त्यांचं," मी म्हणालो आणि भाजीवाल्याला मेथीची जुडी मागितली.